गैरहजेरीतला सत्कार

काकूचा सत्कार करायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी बाकीच्यांना नावं ठेवायला लागले की तुम्ही उगाच माझी बाजू घेणार नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घराण्याने संमेलन भरवायचं ठरवलं. आजोबांच्या पाच मुलांची पिलावळ, मोजली तर चौसष्ट डोकी. ठिकाण नाशिकजवळच, गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षबागेतलं एक पर्यटन केंद्र. शनिवार-रविवार, दोन दिवस. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, दरवर्षीची स्नेहसंमेलनं पार पाडली, शिवाय मला ना नवरा ना मुलं, म्हणून सगळं नियोजन माझ्या गळ्यात आलं. नको नको म्हणत मी ते येऊ दिलं. खरं तर मला हवंच होतं. घरातल्या लग्नांत मला अक्षता वाटायचं काम देतात. इथे निदान यादी माझ्या हातात होती.

व्हॉट्सअ‍ॅपवर गट निघाला. टी-शर्टच्या रंगावर अकरा दिवस चर्चा झाली. शनिवार पाळणारे निघाले, मग मटण रविवारी दुपारी ठरलं, मग ते चुलीवरचंच हवं असा सिन्नरच्या मंडळींचा हट्ट झाला. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, रोज सकाळी 'कुटुंब म्हणजे मायेची सावली' छापाचे सुविचार टाकत होता. स्वतःच्या आईच्या शेवटच्या आजारपणात हा माणूस बैठकीच्या खोलीतून आत यायचा नाही, कारण त्याला औषधांचा वास सोसत नसे. मी त्याच्या प्रत्येक सुविचाराला हात जोडल्याचं चित्र पाठवत राहिले.

आता काकू. माझी धाकटी चुलती, सटाण्याला राहते. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी काकूला फोन जायचा. कुणाचं बाळंतपण, कुणाचा मोतीबिंदू, कुणाचा मोडलेला पाय. काकू पिशवीत दोन साड्या कोंबून एसटीने यायची आणि माणूस चालायला लागेपर्यंत राहायची. माझं गर्भाशय काढलं तेव्हा सहा आठवडे माझ्यापाशी होती. मला उठून बसवत नव्हतं, तर ती माझे केस विंचरायची आणि शेजारणींच्या नकला करायची. टाके ओढतील म्हणून मी तोंडात पदर कोंबून हसायची.

चार वर्षांपूर्वी काकांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, खाणं नळीने. दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. काका धडधाकट होते तेव्हाही काही गोड माणूस नव्हते. आता नुसते ओरडतात, आणि रात्री जास्त ओरडतात. मुलगा एकच, तो पुण्यात. दर रविवारी आईवडिलांना व्हिडिओ कॉल करतो आणि त्याचा फोटो गटावर टाकतो.

संमेलनाचं सांगायला मी काकूला फोन केला तेव्हा ती लहान मुलीसारखी ओरडली.

"मी येसू! पन बाई, माले तुमनं ते नाचनं-खेळनं काही नको. माले कोपरानी एक खोली दे. मी दोन रात झोपसू. कोनी उठाडू नका माले."

मला वाटलं थट्टा करतेय. तर नाही. चार वर्षांत एकही रात्र सलग झोप नाही, म्हणाली. दुपारी नळीने जेवण दिलं की काका दीड ते अडीच डोळे मिटतात, तेवढा एक तास तिचा. मला रडू आलं. "तू पिशवी भर, बाकी माझ्यावर सोड," मी म्हटलं. आणि पोहण्याच्या तलावापासून लांबची, टोकाची खोली तिच्या नावावर लिहून टाकली.

काकांपाशी बसायला माणूसही शोधला. कळवणच्या एका दवाखान्यात रुग्णांचं सगळं करणारा, पन्नाशीचा, शांत गृहस्थ. तो आपणहून सटाण्याला जाऊन काकांना भेटून आला. काका त्याच्यावर ओरडले नाहीत, हे काकूने मला दोनदा सांगितलं.

मग माझ्या फ्लॅटवर बैठक झाली. दादा, वहिनी, सिन्नरचा चुलतभाऊ आणि काकूचा मुलगा, जो त्यासाठी पुण्याहून आला होता. मी कळवणच्या माणसाचं सांगितलं.

"पप्पांना परका माणूस चालत नाही, ताई," मुलगा म्हणाला.

"तो भेटून आलाय. चाललं त्यांना."

"अगं, भाड्याचा माणूस बसवला तर गाव तोंडात शेण घालेल," दादा म्हणाला. "चौसष्ट माणसांचं घराणं आणि म्हाताऱ्यापाशी घरचं कुणी नाही?"

"मग घरचं कुणी बसू दे. दोनच दिवस."

यावर जे झालं ते बघण्यासारखं होतं. वहिनीच्या मणक्यात कळ आली. सिन्नरच्या भावाच्या कंपनीत तपासणी निघाली, ती संमेलनाच्या मात्र आड येणार नव्हती. मुलगा म्हणाला की त्याची लेक महिनाभर या दोन दिवसांची वाट बघतेय, तिला आजोबांना त्या अवस्थेत दाखवणं बरं नाही. मग सगळे चहा पीत माझ्याकडे बघायला लागले.

"तुझ्यामागे तसं काही नाही," दादा म्हणाला.

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि प्रत्येक वेळी मला तितकाच राग येतो. पण त्या दिवशी तो बरोबर बोलत होता. मी जाऊ शकले असते. माझे केस विंचरणाऱ्या बाईला दोन रात्री झोप मिळाली असती, आणि माझं फक्त एक संमेलन बुडालं असतं.

"मग सूत्रसंचालन कोण करणार?" मी विचारलं.

"ते तुझ्याशिवाय कोण करणार?" वहिनी म्हणाली, आणि मला त्याचा आनंद झाला. मी सगळ्यांना आणखी चहा ओतला आणि म्हटलं, "आपण असं करू या, काकूचा सत्कार करू. तिच्या सेवेबद्दल. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. ती येऊ शकत नाही तर व्हिडिओवर घेऊ."

सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. वहिनीने डोळे पुसले. "हेच व्हायला हवं होतं," दादा म्हणाला. मुलाने शाल स्वतः आणायचं कबूल केलं. सन्मानचिन्हावर 'सेवामूर्ती' लिहायचं की 'त्यागमूर्ती', यावर बैठक आणखी पाऊण तास चालली.

काकूला कळवायचं कुणी? मुलगा म्हणाला, "ताई, तूच सांग, तुझं ती ऐकते." मी फोन लावला. म्हटलं, काकू, तो कळवणचा माणूस ऐनवेळी नाही म्हणाला गं.

"नई म्हनना?" काकू म्हणाली. "काल तर माले हो म्हनना व्हता."

मागे काका ओरडत होते.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. टोकाची खोली मी दादाच्या व्याह्यांना दिली.

संमेलन छान झालं, हे मान्य करायला हवं. शनिवारी संगीत खुर्ची, गाणी, आजोबांच्या फोटोला हार. रविवारी सकाळी मिसळ. मटणाला चुलीवर वेळ लागत होता, म्हणून सत्कार जेवणाआधी, पावणेदोनला ठेवला. त्या वेळी काकूचा डोळा लागलेला असणार हे मला ठाऊक होतं. कार्यक्रमपत्रिका करताना आठवलं नाही असं मी म्हणू शकते, पण ते खोटं होईल. आठवलं होतं. अडीचनंतर ठेवला असता तर लोक जेवून पांगले असते आणि माझ्या भाषणाला कुणी उरलं नसतं.

भाषण मी चांगलं केलं. काकूने माझे केस विंचरल्याचं त्यात सांगितलं, ते खरंच होतं. मग मुलाने फोन मोठ्या पडद्याला जोडला आणि आईला कॉल लावला. बराच वेळ वाजला. शेवटी काकू दिसली. केस सुटलेले, गालावर उशीचे वळ, डोळे अर्धे मिटलेले. चौसष्टातले साठेक जण एकदम ओरडले, "काकू! अभिनंदन!"

त्या ओरडण्याने काका जागे झाले. त्यांचा आवाज आमच्या स्पीकरमधून मंडपभर घुमला. पुढच्या ओळीतल्या एका लहान मुलीने कानांवर हात ठेवले.

काकूने मागे वळून पाहिलं, मग पडद्यातून आमच्याकडे. ओरडली नाही. हळू आवाजात बोलली, पण स्पीकर मोठा होता.

"घंटाभर झोप भेटस माले दिवसमा. तीबी मोडी टाकी तुम्ही."

फोन तिने कुठेतरी उताणा ठेवला. पडद्यावर छताचा पंखा फिरत राहिला आणि तिचा आवाज येत राहिला, "काही नई, काही नई, झोपा तुम्ही." मुलगा माझ्याकडे बघत होता. मी पुढे होऊन त्याच्या हातातल्या फोनवरचं लाल बटण दाबलं आणि माइकमध्ये म्हटलं, "नेटवर्क गेलेलं दिसतंय."

हायसं वाटलं लोकांना. शाल दादाने मुलाच्या खांद्यावर घातली, नारळ त्याच्या हातात दिला, फोटो झाले. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पंगतीत वहिनी माझ्या शेजारी बसली होती. "काकू किती थकलेली दिसली गं," ती म्हणाली, "जरा आराम करायला हवा तिने."

मी हो म्हटलं आणि रस्सा वाढून घेतला.