फुटलेली गोळी

शिकारीच्या ज्या गोष्टी लोक सांगतात, त्यातल्या निम्म्या मी ऐकते आणि सोडून देते. माझं दुकान मांस कापायचं आहे. ऑक्टोबरच्या शेवटापासून पाच आठवडे आमच्या खोऱ्यात जे काही पडतं, हरीण असो की एल्क, ते माझ्या टेबलावर येतं. ‘एका गोळीत पाडलं बरं का, डोरीन,’ म्हणणाऱ्याच्या जनावरात मला तीन भोकं सापडतात. मी हो म्हणते आणि सुरी चालवते. गिऱ्हाइकाशी वाद घालून पोट भरत नाही.

ऑर्विल स्टेनरूड मात्र कधी अशा बाता मारायचा नाही. म्हणूनच त्याच्यावर मी जास्त चिडले.

एकतीस वर्षं तो लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. घराच्या दारापेक्षा मोठ्या चकत्या, आणि एकेका दात्याला केसाएवढा फरक चालायचा नाही. गिरणी बंद पडली, बायको गेली, आणि त्या हातांना काम हवंच होतं म्हणून तळघरात बसून तो काडतुसं भरायला लागला. वापरलेली पितळी नळी साफ करायची, बुडाला ठिणगीचं नवं टोपण बसवायचं, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. मोंटानात असे भरणारे गल्लीत दोन सापडतील. पण आमच्या विलो फोर्कमध्ये पोर बारा वर्षांचं झालं, की आईबाप त्याला ऑर्विलकडेच नेत. पहिल्या शिकारीची गोळी ऑर्विलनं निवडायची, हा जणू नियमच होता.

तो पोराला आधी कुरणात नेऊन जेवणाची कागदी थाळी कुंपणाला टाचायचा. खाली बसून पाचपैकी पाच गोळ्या थाळीत लागल्या, तर तेवढं अंतर तुझं. त्यापुढचं जनावर तुझं नाही, ते दुसऱ्याचं किंवा देवाचं. बाप मध्ये बोलला तर ऑर्विल म्हणायचा, “तू गाडीत जाऊन बस बघू.”

तीन वर्षांपूर्वी त्याची नात हॅडली आली. तेरा वर्षांची, काटकुळी, पण हट्टाला म्हशीसारखी. मी त्या दिवशी सॉसेज द्यायला गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

“मारायचंय काय?” ऑर्विलनं विचारलं.

“एल्क. परवाना मादीचा लागलाय.”

“रायफल कुठली?”

“आजोबा, आईचीच. दोनशे त्रेचाळीस, बारीक नळीची. तूच तर तिला घेऊन दिलीस!”

“मला माहितीये. तुला माहितीये का ते बघतोय.”

“सगळे म्हणतात ती एल्कला छोटी पडते. बाबांची मोठी घेऊ का?”

“घे की. पहिल्या गोळीला खांदा सुजेल, दुसरीला तू डोळे मिटशील. मग डोळे मिटून झाडं मार. छोटी रायफल चालते गं. गोळी मात्र हलकीसलकी चालत नाही.”

त्यानं तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. करंगळीच्या पेराएवढ्या, दोघींच्या टोकाला हिरवं प्लास्टिक. मला तर जुळ्या बहिणीच वाटल्या.

“ही डावीकडची बिळातल्या खारींसाठी. कवच कागदासारखं पातळ. लागल्याबरोबर फुटते. खार जागच्या जागी मरते, आणि गोळी दगडावरून उडून कुणाच्या गाईला लागत नाही. ही उजवीकडची एल्कसाठी. कवच जाड आणि आतल्या शिशाला चिकटवलेलं. ही आत जाते, फुलते, पण एकसंध राहते. घोड्याएवढं धूड आहे ते, खांद्याचं हाड माझ्या मनगटाएवढं. गोळी फुलली पाहिजे, हॅडली. फुटता कामा नये. काय म्हणालो?”

“फुलली पाहिजे, फुटता कामा नये.”

“पाठ केलंस की समजलीस?”

“दोन्ही. मला भूक लागलीये.”

तो हसला. टेबलावर एका वेळी एकाच जातीची गोळी, दुसरा डबा कपाटात आणि कपाटाला कुलूप, हा त्याचा नियम होता. तो नियम त्यानं खोऱ्यातल्या चाळीस पोरांना तरी शिकवला असेल.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, गावामागच्या टेकडीवर हॅडलीनं एकशेवीस पावलांवरून मादी एल्कवर गोळी झाडली. ऑर्विल शेजारीच पालथा होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पोरीनं श्वास सोडला, चाप हळू ओढला, सगळं शिकवल्यासारखं. मादी डाव्या खांद्यात गोळी खाऊन खाली बसली, मग उठली आणि तीन पायांवर जंगलात गेली. दोघं अडीच दिवस शोधत होते. पहिल्या दिवशी रक्त होतं. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि ते झाकलं गेलं.

मंगळवारी संध्याकाळी ऑर्विलच्या स्वयंपाकघरात हॅडलीनं खिशातून परवान्याचं तिकीट काढलं आणि सुरीनं त्यातला महिना आणि तारीख कापली. जनावर हाती आलं की तसं कापायचं असतं, म्हणजे त्या साली पुन्हा मारता येत नाही. जनावर मिळालं नसेल तर कुणी जबरदस्ती करत नाही. ऑर्विल तिला तेच सांगायला लागला.

“मी मारलंय ना तिला?” हॅडली म्हणाली. “सापडली नाही म्हणून मारली नाही, असं कसं?”

ही गोष्ट ऑर्विलनं खोऱ्यातल्या प्रत्येकाला सांगितली. डोळ्यांत पाणी आणून सांगितली. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पोरीनं रायफल आईला परत दिली आणि म्हणाली, माझा हात हलला. कुणी शिकारीचा विषय काढला की ती उठून जायची.

नोव्हेंबरात, हंगाम संपायला चार दिवस असताना, त्या टेकडीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या एकानं एक मादी माझ्याकडे आणली. हाडांचा सापळा नुसता. “लंगडत होती बिचारी,” तो म्हणाला, “सोडवली म्हण.” मी डावा खांदा उघडला आणि तोंड फिरवलं. बशीएवढी जखम, आत सगळा पू. हाड मात्र शाबूत. आणि त्या घाणीत तांब्याच्या चिंध्या, चॉकलेटच्या चांदीसारख्या पातळ, आणि शिशाचा चुरा. एल्कची गोळी असं करत नाही. मी तीस वर्षं मांसातून गोळ्या काढतेय, मला शिकवायला नको. डावा खांदा, तीच टेकडी, आणि चार आठवडे जुनी जखम.

मी त्या चिंध्या धुऊन ऑर्विलकडे नेल्या. त्यानं हॅडलीसाठी भरलेल्यांतलं उरलेलं एक काडतूस घेतलं, ठोकून त्याची गोळी बाहेर काढली आणि पकडीनं दाबली. कवच अंड्याच्या टरफलासारखं चेपलं.

“खारीची,” तो म्हणाला. “डोरीन, ही खारीची आहे.”

मग त्याला सगळं आठवलं. खारींची काडतुसं भरताना उरलेल्या मूठभर गोळ्या ट्यूनाच्या रिकाम्या डब्यात राहिल्या होत्या. मोतीबिंदू काढायचा बाकी होता आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. टेबल आवरताना त्या गोळ्या त्यानं चुकीच्या डब्यात ओतल्या. वजनात दोन ग्रेनचा फरक, तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा. थाळीवर दोन्ही सारख्याच लागतात, कागदाला काय कळतंय.

“सांग तिला,” मी म्हटलं.

“सांगतो. थँक्सगिव्हिंगचं जेवण होऊ दे.”

जेवण झालं. नाताळ झाला. त्यानं काडतुसं भरणं बंद केलं, लोकांना सांगितलं डोळे गेले. डोळे तर फेब्रुवारीत दुरुस्तही झाले होते. वसंतात मी पुन्हा विषय काढला तर म्हणाला, “आता विसरलीये गं ती. कशाला खपली काढायची? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ तुझी झाकलेली आहे,” मी म्हटलं, “जळतंय तिचं.”

त्यानंतर त्यानं उन्हाळाभर माझ्याकडे येणं टाळलं. वाण्याच्या दुकानात मला पाहिलं की कॉफीच्या डब्यांवरचे भाव वाचत बसायचा. मला त्याचा राग येत होता, आणि दयाही येत होती, आणि दया आली की आणखीच राग यायचा. मी स्वतः जाऊन पोरीला का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. मी ते स्वतःला रोज विचारत होते. दुसऱ्याच्या नातीला त्याच्याविरुद्ध सांगायला जीभ उचलली नाही, एवढंच खरं.

सप्टेंबरात पशुखाद्याच्या दुकानात गेले, तर तिथल्या फळ्यावर हॅडलीच्या अक्षरातला कागद. ‘रायफल विकणे आहे. दोनशे त्रेचाळीस. रायफलीत दोष नाही. दोष मारणारीत होता.’ मी तो कागद खसकन काढला, तशीच ऑर्विलकडे गेले आणि त्याच्या ताटाशेजारी आपटला.

त्यानं दोनदा वाचला. चष्मा काढून ठेवला.

“रविवारी ये,” तो म्हणाला. “चर्चनंतर ती येते. तू असलीस तर मला पळ काढता येणार नाही.”

रविवारी हॅडली आली, मला बघून म्हणाली, “डोरीनमावशी, तू इथे? कोण मेलं?” आणि फ्रीज उघडून उभी राहिली. ऑर्विलनं तिला बसवलं. त्यानं प्रस्तावना केली नाही, ते मला आवडलं. काडतुसं, डबा, खारीच्या गोळ्या, माझ्या टेबलावरचा खांदा, सगळं सरळ सांगितलं. शेवटी म्हणाला, “तुझा हात हलला नव्हता, पोरी. नेम बरोबर होता. मी तुझ्या हातात फुटणारी गोळी दिली.”

मला वाटलं ती रडेल. तिचा चेहरा उजळला, खरंच, क्षणभर. तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, “तुला केव्हा कळलं?”

“नोव्हेंबरात.”

“गेल्या?”

“हो.”

तिनं बोटांवर महिने मोजले. तेवढं मोजताना ती पुन्हा लहान दिसली.

“दहा महिने. आजोबा, मी दर रविवारी इथे जेवायला येते.”

“हॅडली—”

“गोळी चुकीची भरलीस, ते एका दिवसाचं काम. हे तू रोज केलंस. मी तिकीट कापलं ते तू सगळ्यांना सांगत फिरलास. दुकानात, चर्चमध्ये. बायका माझे गाल धरायच्या. कळल्यावरही फिरलास?”

ऑर्विलनं मान खाली घातली. फिरला होता. नाताळात माझ्यासमोरच एका पाहुण्याला त्यानं ती गोष्ट सांगितली होती, आणि मी तिथे गप्प बसले होते. मीही मान खाली घातली.

मग तो कागद हॅडलीनं टेबलावरून उचलला आणि चुरगाळला. “रायफल विकणार नाही मी. यंदा जाणार.”

ऑर्विल अर्धा उठला. “मी नवी भरून देतो. तुझ्यासमोर भरतो, एकेक गोळी तू तपासून घे, डोळे आता—”

“नको.”

एवढंच. आवाजही चढवला नाही. तिनं खिशातून पेन काढलं, आणि माझ्याकडे वळली. “मावशी, तू सगळ्यांची जनावरं उघडतेस. त्या रायफलीसाठी कुठली गोळी घेऊ? खांद्यातून आत जाईल अशी. तयार डबाच घेईन.”

मी ऑर्विलकडे बघितलं. या प्रश्नाचं उत्तर खोऱ्यात त्याच्याइतकं कुणाला येत नाही, आणि तो टेबलावरच्या भेगेतून नख फिरवत होता. मला द्यावंच लागलं. म्हटलं, “कवच चिकटवलेली घे. शंभर ग्रेनची. मी काढलेल्यांत त्या अख्ख्या निघतात.”

ती तळहातावर लिहायला लागली.

“शंभरची नको,” ऑर्विल हळूच म्हणाला. वर बघितलं नाही. “त्या रायफलीच्या नळीतले आटे सावकाश फिरतात. जड गोळी डगमगते. पंच्याऐंशीचीच घे.”

हॅडलीचं पेन थांबलं. ती त्याच्याकडे वळली नाही. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, “खरं का?”

मी म्हटलं, खरं आहे. मग तिनं शंभर खोडून पंच्याऐंशी लिहिले.