मी एका बिल्डिंगची आत्या झाले

परवा रविवारी दुपारी मी फुनाबोरीत आमच्या घरमालकीणबाईंच्या, मोरिता-सानच्या घरी कोतात्सुत पाय घालून बसले होते. कोतात्सु म्हणजे जपानी बुटकं टेबल, खाली हीटर, वरून रजई. एकदा पाय आत गेले की माणूस खरं बोलायला लागतं, असा माझा अनुभव आहे...

आधी थोडं सांगते. मी राहते ती त्यांची जुनी लाकडी बिल्डिंग. नाव फुजिमी-सो, म्हणजे 'जिथून फुजी दिसतो ते घर'. समोर टॉवर आल्यापासून फुजी सोडा, धड आभाळ दिसत नाही, पण नाव तेच. ती आता पाडणार. मागच्या पार्किंगच्या जागेत नवीन बांधून तयार आहे आणि माझे शेजारी एकेक करून तिकडे चाललेत.

मला मात्र एजंट तानाबे-साननी कमरेतून वाकून, फार गोड आवाजात सांगितलं होतं की नवीन बिल्डिंगमध्ये फॉरेनर घेणार नाहीत. आणखी एजंटांकडे फिरले. सगळीकडे हेच, फक्त वाकणं कमी-जास्त.

म्हणून थेट मोरिता-सानकडे गेले होते. हिगाशी-कसाईला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने, प्राजक्ताने केलेले शंकरपाळे घेऊन. ते त्यांना फार आवडतात.

पण मी विषय काढायच्या आतच त्यांनी एक जाडजूड पुस्तक पुढे सरकवलं. इंग्लंडमधले जुने किल्ले आणि घरं, सेकंडहँड, भरपूर चित्रं. नवीन बिल्डिंगला स्टायलिश इंग्रजी नाव हवं होतं आणि त्यांनी ते निवडलंही होतं. पाटीसाठी नाव घ्यायला तानाबे-सान येणारच होते.

"ऊब्लिएट फुनाबोरी," त्या म्हणाल्या. "छान केकशॉपसारखं वाटतं ना?"

माझ्या हातातला चहा हातातच राहिला...

मी एक कादंबरी लिहितेय, जिच्यात माणसं नाहीत, फक्त खोल्या आहेत. (हसा.) त्यासाठी इंग्रजीतले वापरातून गेलेले घरांचे शब्द जमवत असते. त्यामुळे मला ऊब्लिएट माहीत होतं. दुर्दैवाने.

बाथरूममध्ये जाऊन प्राजक्ताला मेसेज केला. तिचं लगेच उत्तर, "सई, तू गप्प बस. आधी खोली घे, मग डिक्शनरी उघड."

बरोबरच होतं तिचं. इथे वडीलधाऱ्या बाईंना तोंडावर 'चुकलात' म्हणत नाहीत. त्यातून मी खोली मागायला आलेली. पण रोज येता-जाता ती पाटी बघणारे माझेच शेजारी असणार होते... बाहेर आले, पाय परत रजईत घातले आणि सांगून टाकलं.

"मोरिता-सान, ऊब्लिएट म्हणजे किल्ल्यातली अंधारकोठडी. दार फक्त वर, छतात. माणसाला आत सोडायचं आणि विसरून जायचं."

त्यांनी पुस्तकाची पानं उलटली.

"दुसरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "गार्डरोब."

"तो किल्ल्यातला संडास."

त्यांनी शंकरपाळा खाली ठेवला. "लिचगेट?"

"चर्चचं फाटक. तिथे प्रेतयात्रा थांबायची..."

मग त्या जे हसायला लागल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "या लोकांकडे बसायला एक तरी बरी जागा होती का गं?"

होती की. मी सांगितलं, इंगलनूक. मोठ्या शेकोटीला लागून आतच एक कोनाडा, त्यात बाक. थंडीत सगळं घर तिथे गोळा व्हायचं. इंगल म्हणजे विस्तव, जुन्या स्कॉटिश बोलीतला शब्द... आता तिकडेही सहसा कुणी म्हणत नाही.

त्यांनी रजईकडे बघितलं. "म्हणजे हेच की."

"हो. हेच."

"इंगुरुनुक्कु," त्या दोन-तीनदा म्हणून बघत होत्या, तेवढ्यात तानाबे-सान आले. त्यांनी नाव लिहून घेतलं. मोरिता-सान म्हणाल्या, "आणि जिन्याजवळची वरची खोली सई-सानला. उद्या कुणी अर्थ विचारला तर कोण सांगणार? तुम्ही?"

"पण फॉरेनर नकोत असं आपलं..."

"नकोतच. ही फॉरेनर कुठे, ही नाझुके-ओया आहे."

नाझुके-ओया म्हणजे नाव ठेवणारी पालक. जपानीत बाळाचंच नाही, कशाचंही नाव ठेवलं की तुम्ही त्याचे नाझुके-ओया होता. मी खूश व्हायला हवं होतं. झालेही... पण कोतात्सु.

"मोरिता-सान, मग माझ्यानंतर जो येईल त्याने काय करायचं? नाव ठेवायला बिल्डिंग शोधायची?"

तानाबे-सान छताकडे बघायला लागले. मोरिता-सान म्हणाल्या, "विचार करते." इथे 'विचार करते' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. घरी येताना वाटलं, हातातली खोलीही घालवली मी.

काल स्टेशनवरून येताना तानाबे-सानच्या ऑफिसच्या काचेत इंगलनूकची जाहिरात दिसली. 'फॉरेनर नकोत' ही ओळ तिच्यात नव्हती. मी परत मागे जाऊन वाचली. खरंच नव्हती.

प्राजक्ताला फोन केला, तर म्हणाली, "नावं ठेवायची सवय एकदाची कामी आली तुझी. नाव ठेवलंस म्हणजे आत्या झालीस. कानात कुर्रर्र केलंस का?"

नव्हतं केलं. म्हणून नवीन बिल्डिंगपाशी गेले. बिल्डिंगचा कान काही सापडेना, मग माझ्या होणाऱ्या खोलीच्या दाराला पत्रं टाकायची फट असते ना, तिथे तोंड नेलं... कुर्रर्र. इंगलनूक.

आतून रंगाचा वास आला. खोली रिकामी, त्यामुळे आवाज जरा घुमला. बाळाने ऐकलंय, असं मी धरून चाललेय.