ओवीचं माप

आमच्या पिंपरीत पेनिसिलिनचा नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि मला दमा होता. माझी आई अंबूबाई कुणाच्या शब्दावर विसंबणारी नव्हती. औषध गुणाचं आहे की नाही, हे ती स्वतः जोखायची. पहाटे मला जात्यासमोर बसवायची आणि एका दमात माझी ओवी कुठवर जाते ते ऐकायची. कंदिलाच्या उजेडात पीठ धुक्यासारखं तरंगायचं. आपण ढगात बसलोय असं मला वाटायचं.

अडुळशाच्या रसावर अर्धी ओवी व्हायची. चिंचवडच्या डॉक्टरांच्या इफेड्रिनच्या गोळीवर पाऊण व्हायची, पण छाती धडधडायची आणि झोप उडायची. शेवटी आई डॉक्टरांना म्हणाली, "आमच्या कारखान्यातली सुई द्या की हिला."

"ती जंतूंवर चालते, दम्यावर नाही," डॉक्टर म्हणाले. मग मला विचारलं, "दम जास्त कधी लागतो?"

"जात्यावर ओवी म्हणताना."

डॉक्टर आईकडे वळले. "बाई, औषध जोखता तिथंच दुखणं हवेत उडतंय. पीठ हिच्या छातीत जातं."



दुसऱ्या पहाटे तिनं मला बाहेर ओट्यावर बसवलं, दार लावलं आणि एकटी दळायला बसली. चांदण्या विझत होत्या. आठवड्याभरानं मी तिथूनच तिच्या सुरात सूर मिसळला. आख्खी ओवी, एका दमात, आणि तीही नुसत्या अडुळशावर.

आत जातं थांबलं. बराच वेळ ते पुन्हा फिरलं नाही.