टॅपेटची टकटक

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या कंपनीत क्वालिटी बघतो, आणि हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं. म्हणूनच वडिलांच्या जुन्या गाडीचे टॅपेट मीच सेट करणार म्हणालो.

चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. टॅपेट सेट करायचे म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात दोन-तीन कागद बसतील एवढी फट ठेवायची. आमची गाडी टकटक वाजायची. कारखान्यात प्रेस शॉपच्या धडधडीत जन्म गेल्यामुळे वडिलांना ते ऐकूच यायचं नाही, मला मात्र थेरगावच्या गल्लीत लाज वाटायची. मी पुस्तकातल्या आकड्यापेक्षा फट कमी ठेवली. आवाज गेला. मी खूश.

आठवड्याभरात गाडी चढाला दम टाकू लागली, उभ्या उभ्या थरथरू लागली. गॅरेजवाल्या चाचांनी इंजिनावर हात ठेवला. "गरम आहे. उद्या सकाळी बघू."

"व्हॉल्व्ह जळला तर नसेल ना?"

"जळला असेल तर नवा कुठं मिळतो, ते तुमच्या कॉलेजला विचारा."

वडिलांनी बॉनेट अलगद खाली घेतलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी गेटपर्यंत मला त्यांनी याच गाडीतून सोडलं होतं.

सकाळी कव्हर उघडलं. फट मोजायची फीलर गेजची पातळ पत्ती आत शिरेना. "व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, दादा," चाचा मला म्हणाले, आणि पत्ती वडिलांच्या हातात दिली. "भाऊ, तुम्हीच बघा."

प्रेसवर डाय, म्हणजे साचा, सेट करताना अशाच पत्त्या वडिलांनी वर्षानुवर्षं हाताळलेल्या. आताही डोळे मिटून ते पत्ती सरकवत होते आणि स्क्रू फिरवणाऱ्या चाचांना सांगत होते. "अजून सैल. अजून. बास." मी नुसतं इंजिन हातानं फिरवत होतो. पत्ती पुस्तकातल्याच आकड्याची होती. ती किती अडली पाहिजे, ते पुस्तकात नव्हतं.

गाडी चालू केली. थरथर गेली, टकटक परत आली. चाचांनी चारही सिलिंडरचं प्रेशर मोजलं. "वाचली."

वडिलांनी मडगार्डवर तळवा टेकवला. "आता बरी चालतीय."

"वाजतेय पण," मी मोठ्यानं म्हणालो.

"वाजू दे की. मला कुठं ऐकू येतंय?"

मला येतं. हल्ली सिग्नलला थांबलो की मी काच खाली घेतो.