चोपदाराचं नाक

हसा, खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हीच हकीकत ऐकताना एका पाहुण्याने सगळा चहा आमच्या नव्या सतरंजीवर सांडला. घरात हे चहाचं खूळ आणलं म्हणून बोलणी कुणी खाल्ली? मी! तर मंडळी, ही माझी फजिती. अगदी स्वकष्टाची. तिच्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.

मी तेव्हा कल्याणच्या मामलेदार कचेरीत कारकून होतो. पत्त्यांचा नाद नाही, तमाशाचा नाही, नाद एकच. मुंबईहून दर आठवड्याला थट्टेच्या चित्रांचं एक पत्र यायचं. शिळाछापाचं, हातात धरलं की बोटं काळी करणारं. त्यात चित्रं काढणारे दोघे. त्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. असणार कशी? ज्यांची थट्टा व्हायची त्यांच्या हातात काठ्या असायच्या! एकजण चित्राच्या कोपऱ्यात एवढासा कावळा काढायचा, दुसरा तांब्या. म्हणून आम्ही त्यांना कावळेवाला आणि तांब्यावाला म्हणायचो.

मी कावळेवाल्याचा भक्त. काय हात होता हो! पोटाची रेघ गळ्याशी निघायची ती कुठे न अडखळता थेट गुडघ्याशी यायची. बघताक्षणी कळावं की हे गृहस्थ जेवून उठलेले नाहीत, अजून पानावरच आहेत. आणि नाक? तो माणूस नाकापासूनच सुरू करत असला पाहिजे. नाक एकदा बसलं की बाकीचा देह आपण होऊन त्याच्यामागे चालत येतो. मागे घर नाही, झाड नाही. नुसता कोरा कागद आणि त्यावर एक नाकवाला!

आमच्या शेजारचे नाना तांब्यावाल्याच्या पक्षाचे. तांब्यावाला कागदावर बोट टेकायला जागा ठेवत नसे. बाजार काढला, तर त्यात वाणी, गिऱ्हाइकं, भांडणाऱ्या बायका, खांबाआड मांजर, मांजर ज्या दुधाकडे बघते आहे ते दूध, आणि त्या मांजरीवर डोळा ठेवून बसलेली एक म्हातारी. नाना एक चित्र भिंग लावून आठवडाभर पुरवून बघत.

"अरे, तुझ्या कावळेवाल्याला आळस आहे," नाना म्हणायचे. "चार रेघा ओढून घरी जातो."

"आणि तुमच्या तांब्यावाल्याला भीती आहे. एका माणसाने हसवता येत नाही, म्हणून शंभर गोळा करतो!"

हा वाद कचेरीच्या वाटेवर रोज. कधीकधी आम्ही इतके तापायचो की कचेरी मागे टाकून तळ्यापर्यंत जायचो.

असो. त्या वर्षी वैशाखात आमच्या मुलाची मुंज निघाली. मुंज म्हटली की दाराशेजारची भिंत चुन्याने पांढरी करायची आणि तिच्यावर चोपदार रंगवायचा, हातात चांदीची काठी घेऊन पाहुण्यांना या म्हणणारा. ते काम आमच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या सखाराम चिताऱ्याकडे. त्याचे चोपदार सगळे एका साच्यातले. गोरेपान, मिशाळ, आणि पोट दुखत असल्यासारखे गंभीर.

मला काय अवदसा आठवली, मी सखारामला म्हटलं, "यंदा चोपदार मी रंगवणार."

सखाराम बोलण्यात भारी. "रंगवा की, अण्णासाहेब! मी समोरच्या ओट्यावर बसून बघतो. इतकी वर्षं लोक माझं बघत आले. फुकट करमणूक आमच्या वाट्याला कधी यायची?"

आणि खरंच, तंबाखूची चंची सोडून तो समोर बसला.

घरातून आवाज आला, "इकडून हे काय नवीन? उद्या ठाण्याहून बाबा येणार. दारात काहीबाही दिसायला नको."

हे बाबा म्हणजे माझे सासरे. ठाण्याला शिरस्तेदार होते, आता पेन्शन घेतलेली. मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांना टरकून असायचो. देह मोठा, आवाज मोठा, आणि नाक असं, की आधी ते माजघरात पोचायचं आणि मग मामा. सोवळ्याच्या धोतरापासून मुलीच्या संसारापर्यंत त्यांना सगळं जागच्या जागी लागायचं. मुंजीचा निम्मा खर्च त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलेला. आता कळलं ना, भिंतीवर किती भार होता?

मी गेरू कालवला, पिवडी कालवली, काजळी घोटली. मनात कावळेवाल्याचं स्मरण केलं आणि एका दमात नाक ओढलं. मग पोट. एक रेघ, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत! वर पगडी, हातात काठी. मागे हटून बघितलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. असा चोपदार कल्याणात कुणी पाहिला नव्हता!

तेवढ्यात नाना बाहेर आले. बघून थबकले. तोंडातली सुपारी तशीच राहिली.

"शाबास रे! हिंमत आहे तुझी."

"का? कसली हिंमत?"

"अरे, सासऱ्यांना दारात चोपदार म्हणून उभं करायला छाती लागते!"

मी वळून बघितलं. देवा! ते नाक, ते पोट, ती हनुवटी वर करून उभं राहायची ऐट. मामाच! नुसते मामा नाहीत, मुलीकडे आल्यावर आपल्याला बसायला घोंगडी कुठे घातली ते शोधणारे मामा. माझ्या हाताला दुसरं नाक येतच नव्हतं का? मनात ज्याची धास्ती तेच बोटातून उतरलं होतं.

"पुसा!" दारामागून हुकूम आला. म्हणजे तिकडेही बघून झालं होतं.

सकाळी पुन्हा चुना फासला. नाक आखूड केलं, पोट आवरलं, ओठावर झुबकेदार मिशा दिल्या आणि गालांवर कल्ले. आता मामांचा मागमूस नाही. मी सुटकेचा श्वास टाकतोय, तोच आमच्या कचेरीचा पट्टेवाला गणू तिकडून जात होता तो भिंतीपाशी एकदम ताठ झाला आणि त्याने वाकून मुजरा केला!

"गणू! अरे, भिंतीला मुजरा?"

गणूने डोळे चोळले. "मला वाटलं, मामलेदारसाहेब उभेत. साहेबांनी तुमच्या दारात नोकरी धरली का हो, रावसाहेब?"

समोरच्या ओट्यावर सखाराम आडवा पडून हसत होता. "मिशा छान जमल्यात! साहेब मुंजीला यायचेत ना? शेजारी उभे केले की जोडी होईल!"

मामलेदार! त्यांच्या एका सहीवर माझी बढती टांगलेली. मी पाण्याचा अख्खा घडा भिंतीवर ओतला. मिशा वाहून गेल्या, कल्ले वाहून गेले, गेरू माझ्या धोतरावर आला. गणूला हात जोडले, "कचेरीत बोलू नकोस बाबा." तो म्हणाला, "मी कशाला बोलतोय?" आणि धावतच कचेरीकडे गेला.

आता मिशाच नकोत. पोट नको. गाल बसके काढले, मान बारीक, डोळा जरा तिरका. म्हटलं, वाळका चोपदार कुणाला लागणार आहे? आणि कोण समोर यावं? मुंज लावणारे आमचे उपाध्ये! समिधांचा भारा काखेत, मान बारीक, डोळा तिरका.

उपाध्ये बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. तिरक्या डोळ्यामुळे ते भिंतीकडे बघतात की माझ्याकडे, ते मला कळेना.

"अण्णा," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या आज्याची श्राद्धं माझ्या वडिलांनी केली. तुमची मुंज मी लावली. आणि आम्हांला तुम्ही काठी देऊन दारात उभं केलंत? ठीक. मुलाची मुंज आता त्या भिंतीवरच्याकडूनच लावून घ्या!"

समिधा ओट्यावर टाकून ते चालू लागले. मी मागे पळालो. हातात कुंचला, तोंडावर चुना. "गुरुजी, तुम्ही नाही हो ते! तुमच्यासारखा दिसतो, पण तुम्ही नाही!" हे बोलून मी प्रकरण आणखी बिघडवलं, हे वेगळं सांगायला नको. आळीत सगळी मंडळी जमा झाली. घरात बायको रडकुंडीला आलेली. पीठं दळून झालेली, आमंत्रणं गेलेली, आणि मुंज लावायला भटजी नाही! दुसरे उपाध्ये सगळे लग्नसराईत अडकलेले. वैशाखात कोण मिळतोय?

तेव्हा नाना पुढे झाले. पक्ष कुठलाही असो, शेजारी म्हणजे शेजारी.

"अण्णा, ऐक. तुझ्या कावळेवाल्याने घात केला. एकच माणूस काढला की त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. माझ्या तांब्यावाल्याला बोलाव! भिंतभर गर्दी काढ. गर्दीत कोण कुणाला ओळखतो?"

बुडत्याला तेवढंच पुरे झालं. मी चोपदाराचं तोंड पुसलं आणि त्याच्याभोवती डोकी काढत सुटलो. पगड्या, पागोटी, शेंड्या, अंबाडे, मिशा, दात! काढता काढता मला तांब्यावाल्याची गंमत पहिल्यांदा कळली. त्या गर्दीत नुसती कोपरं आणि दाटी नसते. प्रत्येकाला काही ना काही उद्योग असतो. कुणी शेजाऱ्याच्या पायावर पाय देतो, कुणी जांभई देतो, कुणी दुसऱ्याच्या पानातला लाडू उचलतो. मी इतका रंगलो की उपाध्ये विसरलो, मुंजसुद्धा विसरलो!

आणि मग मागे गलका उठला.

"हा लाडूचोर मी का?" हे कोपऱ्यावरचे वाणीशेट.

"जांभई देतो तो मीच. माझे दात ओळखतो मी!" हे वैद्यबुवा.

कावळेवाल्याच्या पद्धतीने मी एकेकाला दुखवत होतो. तांब्यावाल्याने सगळी आळी एकदम माझ्या अंगावर आणली! खूश होती एकटी जानकी. ही खाडीपलीकडच्या खेड्यातून रोज भाजीची पाटी घेऊन येणारी आगरीण. ती भिंतीला नाक लावून ओरडली, "अगो बाय! यो तं माजा दादला! पन त्याला यवरी मोटी पगरी कशाला दिली?"

आणि मधल्या चोपदाराला अजून चेहराच नव्हता. उपाध्ये कोपऱ्यावर पाठ करून उभे. मी मनाशी पक्कं ठरवलं. असा चेहरा काढायचा की तो कुणाचाच नसेल. नाक ना लांब ना आखूड. गाल ना वर ना खाली. मिशी असून नसल्यासारखी. डोळे घाबरून मोठे झालेले, तोंड अर्धवट उघडं. पगडी कशीबशी डोक्यावर. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा कुणी बघणार नाही, असा एक इसम.

शेवटची रेघ ओढली आणि घुंगरं वाजली. टांगा! स्टेशनावरून मामा आले होते.

दारात एवढी गर्दी बघून मामांना वाटलं, आपल्या स्वागताला जमलेत. ते खूश होऊन उतरले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. मामा काठी टेकत पुढे आले. आधी नाक पोचलं, मग मामा. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी भिंत बघितली. लाडूचोर बघितला, जांभई बघितली. मग मधल्या चोपदारापुढे थांबले.

"जावईबापू."

"जी मामा."

"जरा इकडे या. याच्या शेजारी उभे राहा बघू."

मी उभा राहिलो. हातात कुंचला होता, तो उभाच धरलेला. डोळे घाबरून मोठे झालेले. तोंड अर्धवट उघडं. डोक्यावरची पगडी मघाच्या धावपळीत तिरपी झालेली.

आणि मग आळीत जे हसू फुटलं म्हणता! वाणीशेट ओट्यावर बसले. वैद्यबुवांचे दात भिंतीवरच्यापेक्षा जास्त दिसले. सखाराम चिताऱ्याला ठसका लागला. कोपऱ्यावरून उपाध्ये आले, त्यांनी एकदा भिंत बघितली, एकदा मला, आणि उपरणं तोंडात कोंबलं.

नाना पोट धरून म्हणाले, "अरे, याला कुणासारखाच नसलेला चेहरा काढायचा होता, तर नेमका स्वतःचाच आला!"

मामांनी हात वर केला. मला वाटलं, आता वीज पडते.

"असा मान आम्हाला ठाण्यात कधी कुणी दिला नाही," मामा गंभीरपणे म्हणाले. "घरधनी स्वतः चोपदार होऊन दारात उभा! आणि अख्ख्या आळीला आमच्या स्वागताला बरोबर घेतलेलं. गुरुजी, आत चला. पाय धुवा."

बघा म्हणजे! माझ्यावर कज्जे करायला निघालेली मंडळी आता भिंतीत आपलं डोकं नीट आलंय ना, ते बघायला एकमेकांना ढकलू लागली. ज्यांची डोकी आली नव्हती ती रुसली. उपाध्ये पाय धुऊन आत गेले. मुंज झोकात झाली. मामलेदारही जेवले, गणूने काय सांगितलं होतं देव जाणे, पण जाताना ते भिंतीकडे बघून म्हणाले, "तुमचं काम कचेरीत दिसत नाही, इथे दिसतं."

पाहुणे पांगले. मी चुन्याची बादली घेऊन बाहेर आलो. म्हटलं, आता हे एकदाचं पुसावं. तर आमची मंडळी दारात पदर खोचून उभी.

"राहू दे तसंच."

मला भरून आलं हो! म्हटलं, कुणाला नाही तर निदान घरात तरी आपल्या हाताची कदर आहे. "आवडलं का चित्र?" मी हळूच विचारलं.

"चित्राचं मला काय कळतंय?" ती म्हणाली. "पण भिंतीवरचे गप्प उभे असतात. घरात असे एक तरी असू देत."