होडीतून जायचं ते कालवण

सकाळपासून जीव थाऱ्यावर नाय. हे तिसऱ्यांदा लिहितेय, दोनदा पुसलं.

आज ग्रुपवर कुणीतरी तळ्यापल्याडच्या जुन्या हॉटेलाचा फोटो टाकला. होडीनं जायला लागायचं, ते. बंद पडून वर्षं झाली. खाली सगळे माशाच्या कालवणाची आठवण काढतायत, आचाऱ्याच्या हाताला काय चव होती म्हणून. आणि आचारीबुवा प्रत्येकाला धन्यवाद लिहितायत.

त्याला भात धड जमत नव्हता. कालवण मी करायची, माझ्या घरी. टोप फडक्यानं बांधून दुपारच्या पहिल्या होडीत ठेवायची. मालक म्हणाला, "मावशी, बाहेर बोलू नका, गिऱ्हाईक हसेल." गप्प बसले.

नात म्हणते, "सोड ना आजी, म्हातारे झालेत ते." मी काय तरणी हाय?

एका ताईंनी लिहिलंय, होडीत बसल्याबसल्याच कालवणाचा वास यायचा. ताई, हॉटेल पार पलीकडच्या काठाला, तिथला वास इकडं कसा येईल? टोप तुमच्या फळीखाली होता.

आचारीबुवा, कालवणात आंबटाला काय असायचं, तेवढं लिहा इथं. मी फोन हातात धरून बसलेय.