विठाबाईची म्हैस आणि कुलसुमची यादी

आमच्या दूधसंघात १९८८ साली संगणक आला. त्याला वातानुकूलित खोली मिळाली आणि आम्हा कारकुनांना तिच्या दाराच्या फटीतून येणारा गारवा. आत बसायची हुपरीची कुलसुम मुजावर. आधी गावच्या डेअरीत ती दुधाचं फॅट तपासायची. मग कोर्स करून प्रोग्राम लिहू लागली.

शेजारच्या तालुक्यात लाळ-खुरकताची साथ आली, तेव्हा तिनं यादी काढली. सगळ्या सभासदांच्या म्हशी आणि पुढे लस टोचल्याची तारीख. टोचली नसेल तरी म्हैस यादीत हवीच, फक्त तारखेची जागा मोकळी. पण एकही जागा मोकळी नव्हती. आमचे साहेब गणपतराव खूश. चेअरमनना फोनसुद्धा झाला.

तिसऱ्या दिवशी विठाबाई आली. "माज्या म्हशीला सुई लागलीच न्हाय, आन् डाक्टर म्हणत्यात कागदावर लागली हाय."

"मशीन चुकत नाही, मावशी. तुम्ही विसरला असाल," साहेब म्हणाले.

"मी इसरीन वो. म्हस कशी इसरंल?"

कुलसुमनं यादी ओढली. विठाबाईच्या वरच्या ओळीत पिराजी नावाचा सभासद, आणि दोघांची तारीख एकच. तिचा चेहरा उतरला. डेअरीत एकाचं दूध तपासलं की ती नळी विसळायची, नाहीतर मागच्याचं फॅट पुढच्याच्या नावावर जायचं. इथं विसळायचं राहिलं होतं. नोंदच नसली की मशीन प्रोग्रामच्या हाती काही देत नाही, फक्त बाजूला 'नोंद नाही' या खुणेचा उणे एक ठेवतं. ती खूण बघायला तिनं प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं. म्हणून प्रोग्रामच्या हातातली मागचीच तारीख छापली गेली.

"हिची म्हैस टोचून टाकू," साहेब हळूच म्हणाले. "बाकी राहू दे. चेअरमनना सांगून बसलोय."

कुलसुम तिच्या हुपरीच्या बोलीत म्हणाली, "साहेब, मशीन न्हाय, मी चुकलो. अशा आणि किती म्हशी हायत, ते काढू द्या की."

साहेबांना न जुमानणारं माणूस आमच्या ऑफिसात तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. कुलसुम थेट आत जाऊन प्रोग्राम दुरुस्त करायला बसली.

दुपारपर्यंत नवी यादी आली. त्रेपन्न जागा मोकळ्या. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि जीप काढायला सांगितली. कुलसुम स्वतः यादी घेऊन डॉक्टरांच्या शेजारी बसली. दोन दिवसांत त्रेपन्नही म्हशी टोचून झाल्या, आणि आमच्या गोठ्यांत साथ शिरली नाही. आता पाहुणे आले की साहेब संगणक नंतर दाखवतात, आधी कुलसुमची ओळख करून देतात.

पहिली सुई अर्थातच विठाबाईच्या गोठ्यात. म्हशीनं डॉक्टरांना अशी लाथ घातली, की ते शेणात बसले.

विठाबाई म्हशीची पाठ थोपटत म्हणाली, "लिव्ह बाई तारीख. आता ही इसरायची न्हाय."